व्हेनिस पाणी कुठून प्यायचं? (आणि बाकीचा रोजचा संसार)

पडवीकर

व्हेनिसचा विषय निघाला की गोंडोला, मुखवटे आणि 'बुडतंय बुडतंय' यापुढे गाडी सरकत नाही. मला त्या शहराचा रोजचा संसार कसा चालायचा आणि आज कसा चालतो, याचं कुतूहल जास्त. म्हणून सुरुवात विहिरींपासून.

तिथल्या कुठल्याही जुन्या चौकात मधोमध एक कोरीव दगडी कठडा दिसतो. वर धातूचं झाकण, कायमचं बंद. पर्यटक त्यावर पिशव्या टेकवतात आणि नकाशे बघत बसतात. ती विहीर आहे, पण झऱ्याची नव्हे. लगूनमधल्या (समुद्राकाठच्या उथळ, खाऱ्या पाण्यातल्या) गाळाच्या बेटांवर खणलं तर खारंच पाणी लागणार, त्यामुळे यांनी पावसाचं पाणी गाळून साठवायची सोय जमिनीखाली केली आणि तिला वरून विहिरीचं तोंड दिलं.

बांधकाम असं: पाच-सहा मीटर खोल आणि ऐसपैस खड्डा घ्यायचा. तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड थर चोपून बसवायचा, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत झिरपत नाही. मधोमध विटांचं गोल बांधकाम वर आणायचं. त्याच्या खालच्या विटांतून पाणी आत येऊ शकेल अशी फट ठेवायची. उरलेला सगळा खड्डा वाळूने भरायचा. वर फरसबंदी, आणि कठड्याभोवती चार बाजूंना भोकं पाडलेले चार दगड. फरशीचा उतार त्या दगडांकडे. पाऊस पडला की चौकातलं पाणी भोकांतून खाली जायचं, वाळूतून गाळलं जायचं आणि मधल्या विहिरीत जमा व्हायचं. वरून बघाल तर चौक, खाली त्याच मापाची गाळणी. वाड्यांच्या आतल्या चौकात हीच व्यवस्था लहान आकारात. तिथे छपराच्या पन्हळीचं पाणीही भिंतीतल्या नळीतून खाली सोडलेलं असायचं.

१८५८ साली पालिकेने मोजणी केली तेव्हा १८० सार्वजनिक आणि ६,०४६ खासगी विहिरी भरल्या. शिवाय ५५६ तोवर बुजवून झाल्या होत्या. सार्वजनिक विहिरींची किल्ली वस्तीच्या मुखियाकडे. दिवसातून दोनदा घंटा व्हायची, झाकण उघडायचं, बायाबापड्या भांडी घेऊन हजर. एकोणिसाव्या शतकात घरोघर पाणी पोचवणाऱ्या बायका होत्या, बऱ्याचशा फ्रिउलीच्या डोंगराळ भागातून आलेल्या. खांद्यावर वाकडी काठी, दोन टोकांना तांब्याच्या दोन बादल्या. आपली कावडच, फक्त पायऱ्या-पायऱ्यांच्या पुलांवरून न्यायची.

उन्हाळा कोरडा गेला तर होड्या ब्रेन्ता नदीवर जाऊन गोडं पाणी भरून आणत. हा धंदा करणाऱ्यांचा रीतसर संघ होता. पुढे १६११ पर्यंत ब्रेन्ताचं पाणी लगूनच्या काठापर्यंत आणणारा पाट पूर्ण झाला. आणि खरा धोका दुष्काळाचा नव्हताच. मोठी भरती चौकात शिरली की खारं पाणी त्याच चार दगडांतून खाली उतरायचं आणि वाळू नासायची. म्हणून काही ठिकाणी विहिरीभोवतीचा भाग दोन-तीन पायऱ्या उंच केलेला दिसतो.

१८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला. विहिरींना झाकणं बसली ती बसलीच.

आता तुम्ही लिहा. सांडपाणी, ओझी, कचरा, घरं, काहीही चालेल.

ताकपिठं

भारी! पुढच्या भागाची वाट बघतेय. मी चार दिवस त्या चौकांतून फिरले आणि तो कठडा म्हणजे शोभेचं काहीतरी असेल असं समजून फोटो काढले. त्यातल्या एकाच्या तळाशी छोटा दगडी वाडगा कोरलेला होता, तो कशासाठी?

पडवीकर

जनावरांसाठी. भरताना सांडलेलं पाणी त्यात साचायचं, कुत्र्या-मांजरांची आणि पाखरांची सोय. सगळ्या कठड्यांना नसतो. कठड्यावर ढालीसारखं चिन्ह असेल तर ती बहुतेक विहीर बांधून देणाऱ्या घराण्याची निशाणी. विहीर बांधून देणं हे पुण्याचंही काम आणि मिरवायचंही.

उलटा_अंबाडा

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं, त्यामुळे हे वाचून मजा वाटली. आमच्याकडेही विहीर खणली तर खारं पाणी. म्हणून घर तिथे तळं. पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि वर्षभर पुरवायचं. पिण्याच्या तळ्यावर कपडे धुवायला सक्त मनाई, आजी काठी घेऊन बसायची. दुसऱ्या तळ्यात जिताडे सोडलेले. पाणी आणलं की दुपदरी फडक्यातून गाळायचं, तुरटी फिरवायची आणि निवळायला ठेवायचं. वैशाखात तळ दिसायला लागला की टँकरची वाट बघणं आलंच.

वाळूतून गाळायची युक्ती आमच्याकडे कुणी मोठ्या प्रमाणावर केलेली मी तरी पाहिली नाही. चिकणमाती हवी तेवढी होती की!

सुतारपक्षी

वाळू आणायला आणि खड्डा करायला पैसा लागतो, ताई. व्हेनिसकडे मिरीचा पैसा होता.

पडवीकर, पाया राहिला. तिथली घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते खुंट कुजत कसे नाहीत हे विचारलं की लोक 'खास लाकूड' म्हणून मोकळे होतात. लाकूड खास नाही. ओक, लार्च, आल्डर, जे डोंगरातून नदीने तराफे करून आणता येईल ते. ते गाळात पूर्ण गाडलेलं असतं, तिथे हवा पोचत नाही, म्हणून कुजवणारे जीव फारसे वाढत नाहीत. एकट्या रियाल्तो पुलाखाली सुमारे १२,००० खुंट आहेत. पूल १५८८ ते १५९१ मध्ये झाला आणि अजून भक्कम उभा आहे.

खुंटांवर फळ्या, फळ्यांवर इस्त्रियाचा पांढरा दगड आणि दगडावर विटा. तो दगड पाणी शोषत नाही. जुन्या गवंड्यांनी तो भरतीच्या पातळीच्या वरपर्यंत बांधला होता. आज दुखणं इथेच आहे. समुद्र वर आला, जमीन थोडी खाली गेली, आणि पाणी दगड ओलांडून विटांना लागायला लागलं. वीट पाणी ओढते, आतल्या आत मीठ साकळतं, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पापुद्रे सुटून पडतो. इमारत बुडण्याआधी लोणा तिला खाणार आहे. बातमीदारांना पुराचे फोटो आवडतात, पापुद्रे सुटलेल्या भिंतीचा फोटो कोण छापणार?

खवचट_खारी

सगळं खरं, पण हा संसार आता आहे कुणाचा? १९५१ मध्ये ऐतिहासिक शहरात पावणेदोन लाख लोक होते, आज पन्नास हजारांच्याही खाली. रियाल्तोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी २००८ पासून आहे. २०२३ मध्ये पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. तुम्ही ज्याला रोजचा संसार म्हणता तो नाटकाचा सेट आहे. रात्री दहानंतर खिडक्या मोजा, किती दिवे दिसतात ते.

पंत_पादोव्हा

खारीताई/खारीबुवा, खिडक्यांचा मुद्दा मान्य, सेटचा नाही. मी आता जवळच्या पादोव्ह्यात राहतो, पण आधी व्हेनिसच्या कान्नारेज्यो पेठेत भाड्याने राहिलोय आणि अजून कामासाठी जा-ये असते. तिथे कपडे धुण्याचं यंत्र मागवून बघा, मग शहर जिवंत आहे की नाही ते कळेल.

माझं यंत्र आलं मालवाहू होडीतून. ठरलेल्या वेळी होडी आमच्या कालव्याच्या तोंडाशी पोचली आणि थांबली. भरती चढलेली, पुलाखालून होडी जाईना. होडीवाल्याने इंजिन बंद केलं, डबा उघडला आणि निवांत जेवला. पाणी उतरल्यावर दोराने होडी ओढत आत आणली. तिथून पुढे हातगाडी. या हातगाड्या बघण्यासारख्या असतात: मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दांड्यांवर बसवलेली दोन छोटी. पुलाच्या पायरीशी आलं की छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायची, दांडा दाबायचा आणि मोठी चाकं मागून वर खेचून घ्यायची. एकेक पायरी. उतरताना 'अतेन्त्सिओने, अतेन्त्सिओने' (सांभाळा, सांभाळा) असं ओरडत. दुकानातलं दूध, हॉटेलातल्या चादरी, सिमेंटच्या गोण्या, सगळं असंच जातं. मोटार नाही, सायकलही चालवायला बंदी.

कचराही तसाच. सकाळी माणूस दारावर येतो, पिशवी हातात घेतो, पिंजऱ्याच्या गाडीत टाकतो. गाडी भरली की काठावर नेतो. तिथे होडीवरची क्रेन अख्खी गाडी उचलते आणि पोटात रिकामी करून परत ठेवते. झोपेतून उठायला उशीर झाला की पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत तुमच्याच स्वयंपाकघरात.

पत्त्याची वेगळीच तऱ्हा. घरांचे क्रमांक रस्त्यावार नाहीत, पेठेवार आहेत. सहा पेठा, आणि प्रत्येकीत १ पासून जे सुरू होतं ते गल्लीबोळांतून वळसे घेत सुटतं. कास्तेल्लोत साडेसहा हजारांच्या पुढे जातं. शेजारच्या दारावर भलताच आकडा असू शकतो. एकदा एका नावाजलेल्या कुरियर कंपनीचा नवखा मुलगा माझी पेटी पुलापलीकडच्या न्हाव्याकडे टाकून गेला. न्हाव्याने ती आठवडाभर सांभाळली आणि नंतर केस कापल्याशिवाय सोडेना.

माळ्यावरची_मांजर

न्हावी आवडला. :)

घाण विचारायला लाज वाटते, पण संडासचं पाणी?

पंत_पादोव्हा

लाज कसली, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. जुन्या शहरात आपल्यासारखी गटार व्यवस्था जवळपास नाही. घराखालून विटांचे बंदिस्त नाले जातात आणि कालव्याला मिळतात. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, तीच सफाई कामगार. हॉटेलं, इस्पितळं, नव्याने दुरुस्त केलेल्या इमारती यांना मैल्याच्या टाक्या बसवाव्या लागतात, त्या उपसायला होड्या येतात. उन्हाळ्यात ओहोटीला नाकाला रुमाल लागतो हे खरं, पण लोक सांगतात तितका वास बारा महिने नसतो.

भरती एकटी पुरत नाही, गाळ साचतो. तो काढायला कालवा दोन्ही टोकांना बांध घालून कोरडा करतात, मग गाळ उपसायचा आणि त्याच वेळी भिंतींची डागडुजी करायची. विसाव्या शतकात हे काम काही दशकं रखडलं होतं, नव्वदच्या दशकात जोराने सुरू झालं. आणि त्याच फेऱ्यात ला फेनिचे हे नाट्यगृह जळलं. २९ जानेवारी १९९६. नाट्यगृहाजवळचा कालवा सफाईसाठी कोरडा केलेला, अग्निशमनच्या होड्या जवळ येऊ शकल्या नाहीत. आग लावली होती तिथेच काम करणाऱ्या दोन वायरमननी. काम रेंगाळलेलं होतं, दंड चुकवायचा होता. नाट्यगृह पुन्हा उघडायला डिसेंबर २००३ उजाडला.

सुतारपक्षी

बापरे. दंड किती असेल आणि नुकसान किती!

पुरावर एक खुलासा टाकून ठेवतो, कारण दर वेळी 'व्हेनिसमध्ये छातीभर पाणी' असल्या बातम्या येतात. तिथली पातळी मोजतात ती १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून. आजचा सरासरी समुद्रच त्या शून्याच्या तीसेक सेंटिमीटर वर आहे. रस्ते त्याहून वर. म्हणजे ४ नोव्हेंबर १९६६ चा १९४ सेंटिमीटरचा विक्रम किंवा १२ नोव्हेंबर २०१९ चा १८७, हे आकडे रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हेत. ११० ला शहराचा जेमतेम आठवा हिस्सा ओला होतो. सान मार्को चौक सगळ्यात सखल, तिथे ८०-८५ ला पाणी दिसायला लागतं, आणि कॅमेरेही नेमके तिथेच.

पूर अडवायला, लगून समुद्राला मिळते त्या तीन तोंडांवर मिळून ७८ लोखंडी झडपा बसवल्यात. एरवी त्या तळाशी पाणी भरून पडलेल्या असतात. आत हवा सोडली की वर उठतात. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला उभ्या राहिल्या आणि आत शहर कोरडं राहिलं. खर्च पाच अब्ज युरोंच्या पुढे, मध्ये लाचखोरीचं मोठं प्रकरण, अटका. तरीही काम करतंय हे कबूल करावं लागेल. फक्त साधारण ११० च्या अंदाजाला उचलतात. त्याखाली चौकातल्या दुकानदारांनी फळकुटं लावायची ती लावायचीच. आणि सारख्या उचलल्या तर बंदर अडतं, शिवाय लगूनचं पाणी खेळतं राहत नाही. वर पंतांनी सांगितलेला सफाई कामगार घरी बसतो.

खवचट_खारी

हेच म्हणतोय. पाच अब्ज दगडांसाठी, माणसांसाठी काय?

पडवीकर

माणसं गेली ती पुरामुळे कमी आणि भाड्यामुळे जास्त. समोरच्या मुख्य भूमीवर मार्गेराचं बंदर १९१७ पासून उभं राहिलं, कारखाने आले, तिथल्याच मेस्त्रेत लिफ्टवाल्या इमारती झाल्या. तळमजल्यावर ओल आणि चौथ्या मजल्यावर लाकडी जिने, त्यापेक्षा मेस्त्रे परवडलं. गंमत म्हणजे त्याच कारखान्यांनी जमिनीतलं पाणी बेसुमार उपसलं आणि शहर खचवलं. सत्तरच्या दशकात उपसा आवरला तेव्हा खचणं मंदावलं. आता तर घर भाड्याने देण्यापेक्षा आठवड्याच्या पाहुण्यांना दिलेलं बरं, असा हिशोब आहे. त्याला झडप लावायची तर ती पाण्यात बसवता येत नाही, नगरपालिकेच्या सभागृहात बसवावी लागते. तिथे मतं कुणाची, तर बहुतांश मुख्य भूमीवरच्यांची, कारण मेस्त्रे आणि व्हेनिस एकच पालिका आहे. वेगळं व्हायचे सार्वमताचे प्रयत्न अनेकदा झाले, यश आलं नाही.

माझं मत: शहर मेलेलं नाही, पण त्याचे कारभारी शहरात राहत नाहीत.

नथीचा_आकडा

मी जरा अवांतर करते, धागा भरकटला तर पडवीकरांनी रागावू नये.

वर सुतारपक्षी मिरीच्या पैशाबद्दल म्हणाले. तो पैसा आपल्याकडे दागिन्यात आहे! पुतळ्यांची माळ आठवा. व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट, १२८४ मध्ये सुरू झालं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं, आणि १७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक बुडवेपर्यंत वजन-कस जवळपास तोच. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला दोजे (प्रजासत्ताकाचा प्रमुख), दोघांमध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू, भोवती चांदण्या. मसाले घ्यायला हे सोनं आलेक्झांड्रियाकडे आणि तिथून अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्यावर यायचं. कस भरवशाचा म्हणून लोकांनी ते वितळवलं नाही, कडी लावून गळ्यात घातलं. मग आपल्या सोनारांनी नकला पाडल्या. नकलेवरून नक्कल होता होता लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या आणि आकृत्यांना राम-सीता, लक्ष्मी अशी आपली नावं मिळाली.

आमच्या घरातल्या माळेतली एक पुतळी बाकीच्यांपेक्षा पातळ आहे आणि तिच्यावरचं अक्षर वाचता येतं. बाकीच्या सगळ्या जाड, रेघोट्यांच्या. ती एकच खरी असावी असा माझा अंदाज. सोनाराला दाखवली तर तो म्हणाला, 'वितळवून एकसारख्या करून देतो.' हात जोडले.

पडवीकर

अवांतर कसलं, धाग्याचं सोनं केलंत. त्यात एक जोडतो: निकोलाव मनुची व्हेनिसमध्येच १६३८ ला जन्मला. पोरवयात घर सोडून हिंदुस्थानात आला, मोगलांकडे तोफखान्यात लागला. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांशी बोलणं झाल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. परत काही गेला नाही.

आणि ती पुतळी कृपया वितळवू नका.

माळ्यावरची_मांजर

+१ पुतळीला.

मेल्यावर कुठे नेतात? जागाच नाही ना.

पंत_पादोव्हा

सान मिकेले नावाचं बेट आहे, नेपोलियनच्या काळापासून तीच दफनभूमी. पेटी होडीतून जाते. साध्या कबरीत काही वर्षं, मग अवशेष काढून छोट्या कोनाड्यात, कारण पुढच्याला जागा हवी. संगीतकार स्त्राविन्स्की तिथेच आहे. इस्पितळ त्या बेटासमोरच्याच काठावर, रुग्णवाहिकाही होडीच. हिवाळ्यात कधी कधी ओहोटी इतकी खाली जाते की लहान कालव्यांत नुसता चिखल उरतो. तेव्हा रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही, माणसाला खुर्चीतून उचलून मोठ्या कालव्यापर्यंत नेतात. पुराचं कौतुक होतं, या ओहोटीबद्दल कुणी बोलत नाही.

ताकपिठं

पंत, व्यावहारिक प्रश्न. मेमध्ये परत जायचंय, या वेळी सासूबाई बरोबर आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. जमेल का?

पंत_पादोव्हा

जमेल, पण पायी फिरायचा हट्ट नको. शहरात चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. १ नंबरची व्हापोरेत्तो (पाण्यावरची बस) मोठ्या कालव्यातून सगळे थांबे घेत जाते, दिवसभर तिच्यावरच हिंडा. एकेरी तिकीट साडेनऊ युरो आणि ७५ मिनिटंच चालतं, त्यामुळे २४ तासांचा पास काढा. मधे एकदा कालवा ओलांडायला त्रागेत्तो (पलीकडे सोडणारी होडी) घ्या, दोन युरोत गोंडोलाची हौस फिटते. मात्र चढता-उतरताना ती डुलते, सासूबाईंना आधी विचारा.

काही ठरावीक तारखांना दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क असतं: आधी भरलं तर पाच युरो, ऐन वेळी दहा. शहरात मुक्काम असेल तर माफ, पण नोंदणी करून कोड घ्यावा लागतो. तारखा बघून घ्या.

ताकपिठं

खूप आभार! मुक्काम मेस्त्रेत आहे, खिशाला तेच झेपतंय. मधे संकष्टी येतेय, सासूबाई विचारतायत उपासाचं काही मिळेल का.

पंत_पादोव्हा

मेस्त्रे स्टेशनाजवळ बांगलादेशी लोकांची बरीच दुकानं आहेत. मार्गेराच्या जहाजाच्या गोदीत काम करणारी ही मंडळी, त्यांच्यामुळे शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, बटाटे, कोथिंबीर सगळं मिळतं. साबुदाणा घरूनच आणा. आणि मेस्त्रेही व्हेनिसचीच पालिका, म्हणून तिथे मुक्काम असला तरी शुल्क माफच; नोंदणी मात्र विसरू नका.